आधी उणं छाप

ते जमिनीला मारायचे.

पहार दोन्ही हातांनी डोक्यावर न्यायची, पाय फाकवून उभं राहायचं आणि दात खाऊन ती खाली आणायची. गिऱ्हाईक दचकून मागे सरकायचं. बरोबर लेकरू असेल तर ते आईच्या पदराआड व्हायचं. मग हे खाली वाकून पहारीच्या टोकाची माती बोटांत चुरायचे आणि निकाल द्यायचे, "काळी हाय. लई खोलवर काळी. पाया दुप्पट न्यावा लागंल, न्हाईतर भिंती फाटतील. परवडत असंल तर घ्या."

आणि पहार उपटता उपटता पुटपुटायचे, "मार खाल्ल्याबिगर जमीन खरं सांगत न्हाई."

हिंगोलीत प्लॉट विकणारे तुम्ही पाहिलेच असतील. पांढरा कडक शर्ट, दोन मोबाइल, बोटांत अंगठ्या आणि तोंडात सारखं 'लोकेशन'. आम्ही ज्यांना काका म्हणायचो ते त्यांच्यातले वाटत नसत. मळका पायजमा, मोटरसायकलला आडवी बांधलेली पहार, आणि डाव्या भुवईपासून कानापर्यंत गेलेला कुऱ्हाडीचा व्रण. लहान मुलं त्यांना भीत. मोठी माणसंही थोडी भीतच. तरी घरासाठी जागा घ्यायची म्हटलं की सेनगावपासून वसमतपर्यंतची माणसं यांच्याकडे यायची.

त्या व्रणाची गोष्ट ते प्लॉटचा भाव सांगावा तितक्या सहज सांगत. "चुलत्यानं दर साली नांगराचं एक तास आमच्या बांधात घातलं, बांध कोरत आला. बाप बोलला. चुलत्यानं कुऱ्हाड काढली. बापाची बोटं बांधावर पडली. मी मधी गेलो तर हे मला भेटलं."

"मग पुढं?" मी विचारायचे.

"पुढं काय? एका लग्नात बसले दोघं मांडीला मांडी लावून. भावकी हाय, पोरी. रगत सांडतीबी अन् पुसतीबी."

म्हणून हा माणूस चारी कोपऱ्यांना दगड रोवल्याशिवाय कुणाला प्लॉटचा ताबा देत नसे. दगडसुद्धा गुडघाभर खोल. इतर एजंट चुन्याची रेघ मारून मोकळे व्हायचे. काका म्हणायचे, "रेघ पावसात जाती. मंग लोक कुऱ्हाडी काढतात."

आमच्या वडिलांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि पत्रकं. मोर्चाची, संपाची, जयंतीची पत्रकं दोरीवर सुकत असायची आणि मी त्यांच्याखाली बसून अक्षरं ओळखायला शिकले. मजकूर पुढे मीच लिहू लागले. त्यामुळे काका पहिल्यांदा जाहिरात छापायला आले तेव्हा जमिनीचा दलाल म्हणजे कोण, याबद्दल माझं मत तयार होतं. मी मान वर न करता नेहमीचा मजकूर लिहून दिला: सुवर्णसंधी! मोजकेच प्लॉट शिल्लक!

त्यांनी तो हातभर लांब धरून वाचला. "मोजके काहून? ढीगभर पडलेत."

"असंच लिहितात, काका."

"खोटंच लिहितात म्हण की. हे फाड. आधी उणं छाप."

"काय छापू?"

"उणं. खोट. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खोल जातं, छाप. रस्ता कच्चा हाय, पावसाळ्यात गाडी फसती, छाप. मंग खाली बारीक अक्षरात लिव, बाकी येऊन बघा."

वडिलांनी मशीन थांबवलं. "अहो, धंदा बसेल तुमचा."

"बसत न्हाई. लोक एवढं खोटं ऐकून राहिलेत की खरं वाचलं की धावत येतात, ह्यो येडा कोण म्हणून. येडा बघायला आलेलं गिराईक शाण्याकडं परत जात न्हाई."

आणि खरंच माणसं आली. ते पत्रक हातात घेऊन हसत हसत आली आणि इसाराचे पैसे देऊन गेली.

नवे एजंट त्यांच्याकडे धडे घ्यायला येत. काका त्यांना शिव्या घालत घालत शिकवत. प्लॉट भर चिखलात दाखवावा. चिखलात पसंत पडला तर माणूस जन्माचा आपला. नवऱ्याला भाव सांगावा, पण बाईला कपडे वाळत घालायची दोरी कुठून कुठे बांधता येईल ते दाखवावं. तिला दोरी दिसली की घर दिसलं. आणि विकून झाल्यावर पहिल्या पावसात एकदा तरी जाऊन यावं, भिंतीला चीर गेली का ते बघायला. "त्या टायमाला शिव्या बसतात. उभं ऱ्हायचं अन् खायच्या. त्याच घरातून पुढची चार गिराईकं निघतात."

त्यांचा राग मात्र भयंकर होता. एका एजंटाने एकच प्लॉट दोघांना विकला, तेव्हा काकांनी त्याला बसस्टँडसमोर कॉलर धरून लोळवलं आणि चपलेने बडवलं. त्याचं नाक फुटलं. लोक जमले, कंडक्टर गाड्यांतून उतरले. मारून झाल्यावर काकांनीच त्याला उठवलं, रसवंतीवर नेलं आणि उसाचा रस पाजला. तो रुमाल नाकाला लावून रस पीत होता आणि हे त्याला समजावत होते, "दुसऱ्या गिराईकाला माझ्याकडं धाड. त्याला बराबर जागा दिऊ. अन् तुझं नाव चांगलंच सांगू."

आता त्यांच्या सगळ्यांत मोठ्या युक्तीबद्दल सांगते, कारण तिच्यातच सगळं आहे.

नरसीच्या रस्त्याला त्यांच्या भावकीच्याच वावरात एक ले-आउट पडला होता. तिथे पहिला बंगला बांधला त्यांच्या चुलतभावाने, ज्याने कुऱ्हाड काढली त्या चुलत्याच्याच मुलाने. त्याचे टिप्पर गावभर मुरूम वाहतात. काका त्याला दादा म्हणत. कुठलंही गिऱ्हाईक आलं की काका त्याला प्लॉटवर नेण्याआधी दादाच्या ओसरीवर नेत. "प्लॉट पळून जात न्हाई. आधी शेजार बघा. शेजाऱ्याचा चहा घ्या. चहात समजतं माणूस कसा हाय ते." गिऱ्हाईक खूश व्हायचं. अशी काळजी दुसरा कोण घेतो? नव्या एजंटांना ते बजावत, "शेजाऱ्याचा चहा पाजल्याबिगर सौदा करायचा न्हाई." साऱ्या गावाने ही रीत उचलली होती.

माझी ताई सरकारी दवाखान्यात नर्स आहे. आमचं घर म्हणजे छापखान्यामागची एक खोली, म्हणून नोकरी लागल्यापासून ती भाड्याच्या खोल्या बदलते आहे. पहिल्या महिन्यात घरमालकीण तिच्याकडून बीपी तपासून घेते, दुसऱ्या महिन्यात तिच्या भिंतीवरचा बुद्धाचा फोटो बघते, तिसऱ्या महिन्यात 'आमच्या पोराचं लग्न निघालंय, खोली लागंल' म्हणते. लग्न कुणाचंच होत नाही. ताईला एक जागा हवी होती, जिथून तिला कुणी ऊठ म्हणणार नाही. एवढीच तिची मागणी होती. तिने कर्ज मंजूर करून घेतलं आणि मी तिला काकांकडे नेलं.

"सिस्टर, तुमाला कोपऱ्याचा प्लॉट देतो," काका म्हणाले. "मुरूम वर हाय, पाया स्वस्तात निघंल. चला, आधी शेजार बघू."

दादा ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. हसून नमस्कार केला. माणसाच्या आत काय आहे ते हसण्यावरून कळत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

"गाव कुठलं म्हणायचं?"

"सेनगाव तालुक्यातलं," ताई म्हणाली.

"अच्छा. गावात घर कुठल्या अंगाला?"

हा प्रश्न तुम्ही ऐकला असेल. कदाचित विचारलाही असेल. आडनावावरून नीट कळलं नाही की आपल्याकडे हा प्रश्न येतो.

"खालच्या अंगाला," ताई सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली. "बुद्धविहाराला लागून."

"अच्छा, अच्छा." त्याने आत तोंड वळवून आवाज दिला, "अगं, चहा ऱ्हाऊ दे. दूध नासलंय." बंगल्याच्या मागे म्हशीची धार काढण्याचा आवाज येत होता. पितळी चरवीत पडणारी धार, चुर्र चुर्र. दादा आमच्याकडे बघून म्हणाला, "जागा चांगली हाय सिस्टर, पण तुमाला दवाखान्याच्या जवळ बघा ना. ड्यूटीला सोपं पडंल. काहून एवढ्या लांब येता?"

आम्ही उठलो. रस्त्यावर आल्यावर काका नेहमीच्या उत्साहात पहार सोडवू लागले. ताई म्हणाली, "काका, एक विचारू? आजपर्यंत तुमच्या किती गिऱ्हाइकांना इथं चहा मिळाला नाही?"

"म्हंजी?"

"दूध कितीदा नासलं?"

काकांचा हात दोरीवरच थांबला. त्यांच्या तोंडाकडे मी बघत होते. एक-एक माणूस त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावा. "तो मास्तर," ते म्हणाले. "चहा न घेताच गेला. मला वाटलं घाईत असंल. अन् ती पोस्टातली बाई. तिला प्लॉट लई आवडला व्हता, मंग आलीच न्हाई. तो कंपाउंडर. मी त्यायच्या घरी जाऊन इचारलं, काहून न्हाई घेतला? तर म्हणले, बघू पुढच्या साली." ते ताईकडे वळले. "म्हंजी मी चाळण लावून बसलो व्हतो इथं?"

ताईने मान हलवली. "चाळण त्यांची. हात तुमचा."

तुम्हाला वाटेल, इतकी वर्षं धंदा करणाऱ्या माणसाला हे कळलं कसं नाही? कळायची गरज कुणाला पडते? ज्याला प्रत्येक ओसरीवर चहा मिळतो तो कपाकडे बघत नाही.

त्यांनी पहार सोडवली आणि रिकाम्या वावरात गेले. तिथे ते जमिनीला मारत सुटले. माती बघायची नव्हती, चुरायची नव्हती. नुसते घाव. हाताच्या तळव्यांची सालं निघाली, पहारीवर रक्त आलं, तरी थांबेनात. शेवटी ताईनेच जाऊन त्यांचा हात धरला आणि आपल्या रुमालाने तळवा बांधला.

"प्लॉट घ्यायचा का सिस्टर?" त्यांनी दम खात विचारलं.

"मी घेणार आहे. तुम्ही देणार का?"

"रजिस्ट्री आधी," ते म्हणाले. "चहा गेला खड्ड्यात."

दुसऱ्या दिवशी ते छापखान्यात आले. म्हणाले, नवं पत्रक छापायचं. मी पेटलेलीच होते. मी निषेध, धिक्कार, जातीयवादी प्रवृत्ती, असं सगळं लिहून काढलं. त्यांनी नेहमीसारखं हातभर लांब धरून वाचलं.

"ह्ये मोर्चाचं झालं, पोरी. मी प्लॉट विकून राहिलो. आधी उणं छाप."

आणि त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं: या ले-आउटमध्ये एक उणं आहे. येथील काही शेजाऱ्यांना गिऱ्हाइकाची जात विचारण्याची सवय आहे. मुरूम चांगला, वीज आहे, नाली आहे. यापुढे शेजाऱ्याला न विचारता प्लॉट मिळेल. बाकी येऊन बघा.

वडिलांनी ते दोनदा वाचलं. आयुष्यभर पत्रकं छापलेला माणूस, पण त्यांनी असलं पत्रक पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "तुमचीच भावकी आहे ती. हे छापलं तर ते तुम्हाला जिवंत सोडणार नाहीत."

"पाण्याचं उणं छापलं तवा पाणी मारायला आलं का मला?"

"पाणी आणि माणूस यात फरक आहे."

"तेच छापून राहिलो."

मी ताईलाही विचारलं. ती म्हणाली, "माझं नाव नको. बाकी छाप."

मंगळवारच्या बाजारात काकांनी ते स्वतः वाटलं. भाजीवाल्यांना, हमालांना, गाडी धुणाऱ्यांना. त्याच संध्याकाळी त्यांच्या ऑफिसची काच फुटली. आतली खुर्ची बाहेर काढून जाळली. शटरवर शेण फासलं. काका सकाळी आले, शटर धुतलं आणि जळक्या खुर्चीच्या जागी पिशवी अंथरून खाली बसले.

मी उरलेली पत्रकं द्यायला त्यांच्या घरी गेले तेव्हा काकू अंगणात भांडी घासत होत्या. त्यांनी माझ्या हातातलं पुडकं घेतलं नाही.

"तू छापतीस, बाई, अन् कपाळ आमचं फुटतंय. काल जावा पाण्याला आल्या तर माझ्याशी बोलल्या न्हाईत. पुतण्याच्या साखरपुड्याचं बोलावणं न्हाई. ह्यो माणूस दिवसभर बाहेर. या गल्लीत दिवस मला काढायचा हाय."

"काकू, पण ते खरं..."

"खरं खोटं तुमी ठरवा. मला माणसं लागतात."

आतून काका ओरडले, "तिला काहून बोलतीस? मला बोल."

"तुमाला बोलून दात पडले माझे," काकू म्हणाल्या आणि पुढचं पातेलं घासायला घेतलं.

रजिस्ट्री झाली. ताईने कचेरीच्या पायरीवर काकांना पेढा दिला. पेढा तोंडात टाकून ते म्हणाले, "आता दगड." दगड रोवल्याशिवाय ताबा नाही, हे त्यांचं ठरलेलंच होतं.

दुपार होती. ताई ड्यूटीवरून तशीच पांढऱ्या कपड्यांत आली होती. मी होते, काका होते आणि खड्डे खणायला दोन मजूर. तीन दगड बसले होते. चौथ्याचा खड्डा चालू असताना रस्त्यावर टिप्पर थांबला. दादा उतरला, मागून चारपाच जण. टिकावाचे नुसते दांडे त्यांच्या हातात होते. मजूर पळाले.

"दलाल्या," दादा म्हणाला, "भावकीची अब्रू बाजारात वाटलीस?"

"अब्रू न्हाई दादा. पत्रक वाटलं."

"हिला सांग, परत जा म्हणून."

"कुठं? तिची जागा हाय ती. रजिस्ट्री झाली."

"रजिस्ट्री झाली म्हणं!" तो मागच्यांकडे वळून हसला. "घरात घेऊन जा की मंग हिला. तुझ्या बायकोच्या चुलीम्होरं बशीव."

"चूल माझी हाय. कुणाला बशीवायचं ते मी बघीन. तुझ्या घरी तर दूधबी टिकत न्हाई."

पहिला दांडा काकांच्या खांद्यावर बसला. ते वाकले नाहीत, त्यांनी मारणाऱ्याचं मनगट धरून पिरगाळलं आणि त्याच्या तोंडावर कोपर हाणलं. तो पडला. दुसऱ्याने मागून पोटरीवर मारलं. काका गुडघ्यावर आले, मग सगळे तुटून पडले. दांडे बरगड्यांवर पडत होते तेव्हा ओलं सरपण फोडल्यासारखा आवाज होत होता. मी एकाच्या पाठीवर झेपावले, त्याने मला झटकून काट्यात फेकलं. ताई मध्ये शिरली तर कुणीतरी दगड मारला. तिचं कपाळ फुटलं आणि पांढऱ्या कपड्यांवर रक्त ओघळलं. तिला जातीवरून ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे लिहीत नाही. पोलिसांना मी त्या शब्द न् शब्द लिहून दिल्या आहेत.

त्यांनी रोवलेले दगड उपटले. ते ओढून आणले आणि काकांच्या अंगावर टाकले. एक पायावर, एक छातीवर. तिसरा दादाने स्वतः उचलला. डोक्यापाशी आणून सोडला. थोडा बाजूला पडला, पण पुरेसा.

टिप्पर निघून गेला. ताईने तोंडावरचं रक्त कोपराने पुसलं आणि काकांपाशी बसली. तिचा आवाज दवाखान्यातल्यासारखाच होता. "त्यांचं डोकं हलवू नको. छातीवरचा दगड सरळ वर उचल. फोन लाव." मी दगड उचलला. काकांचा एक डोळा बंद झाला होता. दुसऱ्याने त्यांनी ताईच्या कपाळाकडे बघितलं.

"सिस्टर, तुमाला टाके पडतील."

"बोलू नका."

"कोपरा नीट धरा. रस्त्याच्या अंगाला एक हात सोडून. न्हाईतर नगरपालिका तोडंल."

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ते असंच काहीतरी सांगत होते. पाया किती, नाली कुठून. शेवटी शब्द कळेनासे झाले.

सरकारी दवाखान्यात आम्ही पोचायच्या आधीच भावकी पोचली होती. म्हातारी माणसं, फेटेवाली, टोपीवाली. मारणारे नव्हते, पण मारणाऱ्यांचे बाप होते. काकू पलंगाच्या पायथ्याशी उभ्या. डोक्याला मार असल्याने नांदेडला हलवायचं ठरत होतं, तेवढ्यात जमादार जबाब घ्यायला आला.

दादाचा बाप पुढे झाला, तोच कुऱ्हाडवाला चुलता, आता काठी टेकत चालणारा. "साहेब, मोटरसायकलवरून पडलंय पोरगं. दगडावर आपटलं."

जमादार लिहू लागला. मी तोंड उघडलं तर एका म्हाताऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्या खोलीतला घाणीचा डाग आहे. काकू वाकून नवऱ्याच्या कानाशी गेल्या. मी जवळ होते, मला ऐकू आलं.

"पडलो म्हणा. एवढ्या एका बारीला म्हणा. मी कधी काही मागितलं न्हाई. मला या भावकीतच राहायचंय. तुमी ऱ्हावा का जावा, मला यायच्यातच मरायचंय."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी काकूंच्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मला वाटलं, आता हा माणूस वाकणार. तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही वाटलं असतं. आणि खरं सांगते, त्या बाईकडे बघून मला त्यांना वाकू नका म्हणवलं नसतं.

"जमादार," ते म्हणाले. आवाज तुटत होता. "मोटरसायकल माझी हपिसासमोर उभी हाय. जाऊन बघा."

जमादाराचा पेन थांबला.

"आधी उणं लिवा. मारणारा माझ्या रक्ताचा हाय. सख्खा चुलतभाऊ." आणि त्यांनी दादाचं नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, बाप समोर उभा असताना. "सिस्टरला दगड मारला, शिव्या देल्या, तेबी लिवा. त्या जागेच्या मालकीण हायत. मी फकस्त एजंट."

चुलत्याने काठी फरशीवर आपटली. "रांडच्या, बापावर गेलास."

"गेलो," काका म्हणाले.

भावकी उठून निघाली. जाताना एकाने पाण्याचा तांब्या लाथेने उडवला. काकूंनी तो उचलला नाही. त्या भिंतीला पाठ लावून खाली बसल्या आणि पाणी त्यांच्या लुगड्यापर्यंत वाहत आलं.

काका नांदेडला गेले ते परत आले नाहीत. डोक्यात रक्त साचलं होतं. डॉक्टरांनी उघडलं, पण उपयोग झाला नाही.

त्यांना घरी आणलं त्या दिवशी गल्लीतली दारं बंद होती. अंगणात माणसं थोडी. काकूंचा भाऊ, माझे वडील, बाजारातला एक हमाल ज्याने काकांकडून दोन खोल्यांपुरती जागा घेतली होती, कपाळाला पट्टी बांधलेली ताई आणि मी. ज्यांना ज्यांना दादाच्या ओसरीवर चहा मिळाला होता, ज्यांची चांगली घरं झाली होती, त्यांतलं कुणी आलं नाही. हे लिहून ठेवलंच पाहिजे. त्यांच्या भिंती बघायला काका पावसाळ्यात जात होते.

तिरडी बांधून झाली आणि गल्लीच्या तोंडाशी गलबला झाला. भावकी आली. हार घेऊन, पांढऱ्या टोप्या घालून, पंचवीस-तीस माणसं. पोलिसांची गाडी कोपऱ्यावर उभी होती आणि वर्तमानपत्राचा एक फोटोवाला आला होता. भावकीला त्यांच्यासमोर घरचा माणूस घरच्यांनी उचललेला दाखवायचा होता. काठी टेकत चुलता पुढे आला. त्याने टोपी सारखी केली आणि तिरडीच्या पुढच्या दांड्याला हात घातला.

"काढा तो हात," काकू म्हणाल्या.

मागच्यांना नीट ऐकू आलं नाही. आवाज इतका खाली होता.

"सूनबाई, रीत हाय," चुलता म्हणाला. "रगताचा खांदा लागतो."

काकू उठल्या. इतका वेळ त्या दाराशी बसून होत्या. त्यांनी चुलत्याचं मनगट धरलं, दांड्यावरून उपटून काढलं आणि सोडून दिलं. म्हातारा झोकांडी जाऊन मागच्या माणसांवर गेला. कुणीतरी "ए बाई" म्हणत पुढे आलं. काकूंनी वाकून अंगणातल्या दगडी पाट्यावरचा वरवंटा उचलला. दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"या की," त्या म्हणाल्या. "ज्याला रगत लागतंय त्यानं या."

कुणी आलं नाही. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. हार हातात धरून ती माणसं तशीच उभी राहिली, मग मागची एक-एक वळू लागली. शेवटी चुलता गेला.

तिरडीपाशी तीन माणसं होती. काकूंचा भाऊ, वडील आणि हमाल. मी चौथ्या कोपऱ्याकडे गेले. काकूंनी वरवंटा खाली ठेवला आणि मला हाताने बाजूला सारलं. रागाने नव्हे. वाटेतली खुर्ची सरकवावी तसं.

त्यांनी पदर कमरेला खोचला, खाली बसल्या आणि दांडा खांद्यावर घेतला.